सतरावा रकाना

४ फेब्रुवारी

अब्बा,

नऊ वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. खुशाली विचारायला लिहिलेलं नाही, तेव्हा शेवटी कुठेतरी ती असेल म्हणून शोधत बसू नका.

पेपरात तुमचा फोटो पाहिला. काजींच्या मंडळाचे प्रमुख झालात. दोन्ही बाजूंना पुढारी हसतायत आणि तुम्ही नेहमीसारखे जमिनीकडे बघताय. बातमीत लिहिलंय की तुम्ही तीस वर्षांत चार हजारांच्या वर लग्नं लावलीत आणि तुमच्या एकाही निकाहनाम्यात खाडाखोड नाही. हे खरं आहे. त्यातली दहा वर्षं ते अक्षर कोणाचं होतं, एवढं सांगायचं तुमच्याकडून राहून गेलेलं दिसतंय.

मी बारा वर्षांची असताना तुमचा हात थरथरायला लागला. सही जेमतेम यायची. शाळेत मला अक्षराचं बक्षीस मिळालं होतं. पंधराव्या वर्षी तुम्ही माझी शाळा बंद केलीत, अक्षर मात्र ठेवून घेतलंत. निकाहनाम्याच्या शंभर फॉर्मचं नवं पुस्तक आलं की ते मी आधीच तयार करून ठेवायची. प्रत्येक फॉर्मवर तुमचं नाव, पत्ता, परवान्याचा नंबर. आणि सतराव्या रकान्यावर पट्टी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ. नवऱ्याने बायकोला स्वतःहून लग्न मोडायचा अधिकार दिला आहे का, असं विचारणारा तो रकाना. मी एकदाच विचारलं होतं की धर्माने ही सोय ठेवली आहे, तर आपण रेघ का मारतो? तुम्ही पानावरून नजर न उचलता म्हणालात, "रकाना मोकळा दिसला की लोक विचारतात. विचारलं की मोडतं."

आता मी एका वकीलबाईंच्या ऑफिसात काम करते. टायरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, जिना इतका अरुंद की जाड बाई तिरकी होऊन चढते. बायका येतात, पिशवीतून घडी घातलेला कागद काढतात. मी तो उलगडते आणि बऱ्याचदा ती रेघ माझी असते. बाई समोर रडत असते आणि मी माझी पट्टी किती सरळ बसायची ते बघत असते. या रेघांचा राग मी तुमच्यावर काढणार आहे, कारण मारायला तुम्ही सांगितलं होतंत.

वकीलबाई पाच वेळा नमाज पढतात, डोकं झाकतात. मी दोन्ही सोडलं. आमचं छान चालतं. तुमच्या खुदाशी माझं भांडण नाही अब्बा, त्याच्याशी मी बोलतच नाही. भांडण तुमच्याशी आहे.

आता कामाचं. धाकटी नोव्हेंबरपासून तुमच्या घरी आहे. तिच्या नवऱ्याने, त्या चष्मेवाल्याने, तिच्या कानशिलात दिली, तो कान गेला. तो तिला धड नांदवत नाही, धड सोडत नाही. आणि तुम्ही तिला महिनाअखेरीस परत पाठवायचं ठरवलंय, कारण मंडळाच्या प्रमुखाच्या घरात मुलगी परत आलेली दिसायला नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय हे शाळेत बाईंनी शिकवलं होतं, घरी तुम्ही करून दाखवता.

तुमचा जावई तुम्हाला घाबरतो. एक शब्द टाकलात तर सोडेल. पंचवीस तारखेपर्यंत टाका. नाही टाकलात तर मी जे करेन ते तुम्हाला फोटोतल्या त्या जागेवर बसू देणार नाही.

मोठी

२६ फेब्रुवारी

अब्बा,

तुमचं उत्तर मिळालं. भाईजान घेऊन आला होता. जिना चढताना त्याला धाप लागली, त्यामुळे ओरडायला जरा उशीर झाला. म्हणाला, आमची मोठी बहीण नऊ वर्षांपूर्वी मेली. मी त्याला पाणी दिलं. मेलेल्या बहिणीच्या हातचं पाणी प्यायला आणि गेला.

मी मेले ती तारीख तुम्हाला आठवत असेल. मला तर आठवतेच. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे दोन साक्षीदार घेऊन चाचा. चाचांनी विचारलं, "बेटी, हे लग्न कबूल आहे?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी परत विचारलं. मी परत नाही म्हटलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. बाहेर जाऊन त्यांनी तुम्हाला सांगितलं, "मुलगी लाजतेय. हो म्हणाली." अब्बा, पडदा पातळ होता. मधे तीन पावलांचं अंतर होतं. तुम्ही ते ऐकलंत हे मला ठाऊक आहे, कारण तुमचं पेन थांबलं आणि मग चालायला लागलं.

माझी सही घ्यायला कोणी आत येईपर्यंत मी मागच्या दाराने निघाले होते. बिनसहीचा तो कागद तुम्ही काय केलात हे मला अजून माहीत नाही. तुमच्या कारकिर्दीतली तेवढी एकच खाडाखोड.

अम्मी गेली तेव्हा तुम्ही मला कळवलं नाही. दोन महिन्यांनी बाजारात एका बाईने सांगितलं, मी कांदे निवडत होते. कांदे तिथेच टाकून घरी आले आणि त्या दिवशी ठरवलं की तुम्हाला असंच काहीतरी उशिरा कळलं पाहिजे.

तर कळवते. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही मला नवं पुस्तक दिलंत. म्हणालात, सासरी जाण्याआधी तेवढं तयार करून जा, नंतर अडेल. पोरीला वाटेला लावता लावता तिच्याकडून शंभर फॉर्म भरून घ्यावेत हे फक्त तुम्हाला सुचू शकतं. चार दुपारी बसून मी ते भरले. नाव, पत्ता, नंबर. फक्त सतराव्या रकान्यावर रेघ मारली नाही. तिथे लिहिलं, "पतीने पत्नीला स्वतःहून हे लग्न मोडण्याचा अधिकार कोणत्याही अटीशिवाय दिला आहे." शंभर फॉर्म, प्रत्येकाच्या दोन प्रती. बोटाला घट्टा पडला होता, तो अजून आहे.

तुम्ही तपासणार नाही याची खात्री होती. दहा वर्षांत तुम्ही ते पान कधी वाचलं नाही, कारण तिथे रेघ असते. पान उलटायचं, नवऱ्याची सही, बायकोची सही, साक्षीदार, तुम्ही. नवरे तर तुमच्याहून शहाणे, काजीसाहेबांसमोर कागद वाचणं त्यांना अपमान वाटतो. सगळ्यांनी सह्या ठोकल्या. शंभर घरांत बायका दार उघडं असताना आत बसून आहेत.

तेव्हा मी ते नुसतं चिडून केलं होतं. त्याचा उपयोग होतो हे मला माहीत नव्हतं. उलट बनावट कागद केला म्हणून पकडतील या भीतीने कितीतरी वर्षं मी तोंडातून ब्र काढला नाही. पुढे या ऑफिसात आले आणि वकीलबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं की सही करणाऱ्याने वाचलंच नसेल तर? त्या म्हणाल्या, "सहीच्या आधी लिहिलेलं होतं ना? मग वाचलं नाही ही त्याची हौस."

धाकटीचं लग्न मी गेल्यानंतर सात महिन्यांनी झालं. फॉर्म नंबर चौऱ्याऐंशी. कपाट उघडा आणि बघा. पुस्तक जाळून उपयोग नाही, दुसरी प्रत नोंदणी कार्यालयात आहे आणि तिची शिक्क्याची नक्कल माझ्या ड्रॉवरमध्ये. धाकटी कानाच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून मंगळवारी इथे आली होती. तिला मी म्हटलं की मला हे आत्ताच सापडलं. तिने स्वतःचं लग्न मोडल्याच्या नोटिशीवर सही केली. सही करताना तिने कागद तीनदा वाचला. ही तुमची मुलगी असूनही.

नोटीस आज सकाळी चष्म्याच्या दुकानात पोचली. आता पाठवा तिला परत.

मोठी

१९ मार्च

अब्बा,

अपेक्षेप्रमाणे चष्मेवाला कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं की तो मजकूर नंतर घुसडलेला आहे. भाईजान त्याच्या बाजूने उभा राहिलाय. बहिणीचा कान फोडणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, मांडीला मांडी लावून.

वकीलबाई माझ्यावर भयंकर चिडल्या. अक्षर माझं आहे हे मी त्यांना कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितलं, तेही त्यांनी फाईल उघडल्यावर. त्या म्हणाल्या, "आधी सांगायला तुझी जीभ झडली होती का?" मग दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मलाच साक्षीदारांची यादी टाईप करायला दिली. त्यात पहिलं नाव तुमचं आहे.

पंधरा एप्रिलला तुम्हाला विचारतील की हे कधी लिहिलं गेलं. तुम्ही "नंतर" म्हणालात की काम संपलं. मी बनावट कागद केल्याबद्दल आत जाईन आणि धाकटी चष्मेवाल्याच्या घरात. तुमचं नाव, तुमची जागा, तुमचा फोटो सगळं शाबूत राहील. "आधी" म्हणालात तर तुम्हाला भर कोर्टात सांगावं लागेल की काजीसाहेब सही करतात ते वाचत नाहीत. मग मंडळाला दुसरा प्रमुख शोधावा लागेल. इकडे आड, तिकडे विहीर. ही विहीर मी खणली आहे आणि मला त्याचा आनंद होतोय, हे लपवत नाही.

तुम्हाला वाटत असेल की पोरगी नुसती धमकावते, वेळ आली की विरघळेल. म्हणून एक गोष्ट सांगते. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, धाकटीला तर नाहीच. तुम्हाला सांगते कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही, माझं नाव काढणं तुम्हाला चालत नाही.

नक्कल मला फेब्रुवारीत सापडली नाही. ती मी गेल्या जूनमध्ये काढली. त्याच दिवशी धाकटीला सांगितलं असतं तर ती जूनमध्येच सुटली असती. पण तेव्हा नुकतंच कानावर आलं होतं की नव्या वर्षात तुम्हाला प्रमुख करणार आहेत. मी विचार केला, आत्ता पाडलं तर गल्लीतला एक काजी पडेल. जरा थांबले तर मंडळाचा प्रमुख पडेल. मी थांबले. आठ महिने नक्कल ड्रॉवरमध्ये होती, वर स्टेपलरच्या पिनांचा डबा ठेवला होता. नोव्हेंबरमध्ये तिचा कान गेला. दवाखान्यातून तिने फोन केला तेव्हा तो ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

मला त्याचं वाईट वाटतं. रोज वाटतं. तरी तुम्हाला सोडावंसं वाटत नाही. खाण तशी माती, दुसरं काय.

मोठी

२४ मार्च

अब्बा,

मला वाटलं तुम्ही पत्र स्वतः वाचता.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय हे मला माहीत नव्हतं. जानेवारीपासून भाभी तुम्हाला सगळं वाचून दाखवते, मधल्या खोलीत, मोठ्याने, हे माहीत नव्हतं. मागच्या पत्राच्या वेळी धाकटी दाराशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला एकाच कानाने ऐकू येतं. तेवढं पुरलं.

आज ती ऑफिसात आली. मी उठले, ती बसली नाही. म्हणाली, "जूनमध्ये मी तुला फोन केला होता. आठवतंय? मी म्हटलं होतं, काहीतरी मार्ग काढ. तू म्हणालीस, बघते."

समोर दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या.

ती म्हणाली, "अब्बांनी मला सबुरीने घे म्हटलं, तेव्हा निदान तोंडावर म्हटलं."

मग पंधरा तारखेला किती वाजता यायचं ते तिने वकीलबाईंना विचारलं आणि ती जिना उतरून गेली. मला तिने विचारलं नाही.

तुम्ही मला एका शब्दाने उत्तर दिलं नाहीत आणि तरी मला पुरतं उत्तर मिळालं. खूश व्हा. माझी मात्र अजून माघार नाही.

२९ एप्रिल

अब्बा,

निकाल तुम्ही ऐकलाच असेल. धाकटी मोकळी झाली. सहीच्या आधी लिहिलेलं बंधनकारक, वाचलं नाही ही सबब चालणार नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलंय. चष्मेवाल्याने बाहेर येऊन चष्मा पुसला आणि भाईजानलाच शिव्या दिल्या.

पंधरा तारखेला कोर्टात तुम्ही समोरून गेलात तेव्हा मी तुमच्याकडे रोखून बघत होते. डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणजे तुम्हाला मी दिसले की नाही कोण जाणे. चष्मेवाल्याच्या वकिलाला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. सगळी तयारी त्याने करून आणली होती, पायऱ्यासुद्धा बांधून दिल्या होत्या, तुम्ही फक्त उतरायचं होतं.

सही तुमची का? हो. मजकूर कोणी लिहिला? तुम्ही म्हणालात, "माझ्या मोठ्या मुलीने. माझे सगळे फॉर्म तीच लिहायची." भाईजान ताडकन उठून उभा राहिला, शिपायाने त्याला बसवला. वकील म्हणाला, म्हणजे नंतर कधीतरी, तुमच्या नकळत. तुम्ही म्हणालात, "नकळत, हो. नंतर नाही. लग्नाच्या सात महिने आधी." मग तुम्ही रकाना वाचला होता का? "नाही." का नाही? "चार हजार लग्नांत मी तो रकाना कधी वाचला नाही," तुम्ही म्हणालात. "कोणाला वाचूही दिला नाही."

मागच्या बाकावर मंडळाचे तिघे बसले होते. संध्याकाळच्या आत तुमचा राजीनामा त्यांच्याकडे पोचला, असं ऐकते. परवाना पण काढून घेणार म्हणे.

मला जे हवं होतं ते सगळं झालं अब्बा. तरी एक सांगते. तुम्ही खोटं बोलाल अशी माझी खात्री होती आणि खरं तर तशीच इच्छा होती. तुम्ही खोटं बोलला असतात, मी आत गेले असते, पण मग उरलेलं आयुष्य मला बिनघोर तुमचा तिरस्कार करता आला असता. तेवढंही तुम्ही धड मिळू दिलं नाहीत. तुम्ही ते माझ्यासाठी बोललात असं मी समजत नाही. तुम्हाला कोर्टात खोटं बोलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पडद्यापलीकडे बसून गप्प राहता येतं, ते वेगळं. माफी मी मागत नाही आणि देतही नाही.

धाकटी माझ्याशी बोलत नाही. पण ती रोज ऑफिसात येते. वकीलबाईंनी तिला कामावर घेतलंय. त्या पुस्तकातल्या उरलेल्या नव्याण्णव बायकांचे पत्ते शोधायचं काम तिने मागून घेतलं. माझ्यासमोरच्या टेबलावर बसते, मी डाव्या बाजूने काही बोलले तर तिला ऐकू येत नाही, उजव्या बाजूने बोलले तर उत्तर देत नाही. काल त्यांना रकान्याचं कळवणाऱ्या पत्रांची पहिली थप्पी तयार झाली. मी म्हटलं, सगळी एकदम पाठवू, पुढच्या महिनाअखेरीस. तिने पाकिटं उचलली आणि पोस्टात टाकून आली. तिथून आल्यावर वकीलबाईंकडे बघत म्हणाली, "यांना सांगा, आता एक दिवस थांबायचं नाही." तिचं बरोबर होतं.

त्या थप्पीत एक पत्र घातलं नाही, कारण ते तुमच्या घरी येणार होतं आणि पाकीट कोणाच्या हातात पडेल याचा भरवसा नाही. तुमच्या नावाचं पत्र मात्र एकच माणूस उघडतं, हे आता मला ठाऊक आहे.

भाभी, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे. मोठ्याने वाचायचं की मनात, हे तुम्ही ठरवा.

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. माझ्या मागे तीन आठवड्यांनी तुमचं लग्न झालं. माझे शिव्याशाप फेब्रुवारीपासून तुमच्या तोंडून त्या घरात गेले आणि तुम्ही एक ओळ गाळली नाहीत, असं धाकटी वकीलबाईंना म्हणाली. तुमच्या दंडावरच्या खुणांबद्दलही तिने वकीलबाईंना सांगितलंय, तुम्ही नको म्हणाला होतात तरी. तिच्यावर रागावू नका.

त्या पुस्तकातला पहिला फॉर्म तुमचा आहे. भाईजानची सही त्याच्या खाली आहे, नेहमीसारखी लांबलचक. या पानामागे शिक्क्याची नक्कल जोडली आहे, सतरावा रकाना बघा. त्याचा उपयोग करा असं मी सांगणार नाही. माझ्या रागासाठी तर मुळीच करू नका. पण त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नाही, असं आता एक दिवसही व्हायला नको.

टपाल तुमच्या गल्लीत अकराला येतं. भाईजान पाचला घरी येतो. खाली ऑफिसचा पत्ता आहे, जिना अरुंद आहे, धाकटी खाली दाराशी उभी असेल.